ऑगस्टमधला रायन

सटाण्याहून निघालो त्या दिवशी माझी जीप दारात नव्हती. आदल्याच दिवशी नवा मालक ती घेऊन गेला होता. बारा वर्षं मी त्या काळी-पिवळीतून सटाणा-नाशिक माणसं नेली-आणली, आणि स्वतः गाव सोडायची वेळ आली तेव्हा एसटीत खिडकीशी बसलो. शेजारी आठ वर्षांची लेक मृणाल, वर दोन बॅगा. वडील, आमचे नाना, स्टँडवर आले होते. खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाले, "तठे बी रस्ताच शे ना? मंग कसाले घाबरस?"

मी घाबरलो होतो, पण रस्त्याला नाही. माझी बायको सुरेखा वर्षभर आधी नर्स म्हणून इंग्लंडला गेली होती. नोकरी तिची, व्हिसा तिचा आणि मी तिच्या मागून जाणारा. 'तू तिथं काय करशील?' हा प्रश्न मला गावात प्रत्येकानं आपापल्या शब्दांत विचारला होता. प्रशांत, भाऊ असून तूही विचारला होतास.

आता तू तुझ्या मुलासाठी वेगळंच विचारतोयस. "दादा, तू तिथल्या फुटबॉल अकॅडमीतली पोरं जवळून पाहिलीस. आपल्या ओमला तिकडं पाठवता येईल का?" गेल्या महिन्यात फोनवर मी 'बघू' म्हणालो आणि विषय बदलला. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. म्हणून लिहून काढतोय. इकडे आलेले आपल्यासारखे जे आई-बाप मुलांना मैदानावर सोडतात, त्यांनीही वाचलं तर बरं.

इथं आल्यावर आधी परवाना काढावा लागला. बारा वर्षं जीप चालवलेला माणूस पहिल्या परीक्षेत नापास झाला, कारण वळताना आरशात पाहिलंच नाही म्हणे. मृणालनं ही गोष्ट तिच्या शाळेत सगळ्यांना सांगितली. दुसऱ्या खेपेला पास झालो, मग मिनीबसची वेगळी परीक्षा दिली आणि एका छोट्या ट्रान्सपोर्ट कंपनीत लागलो. काम असं, की दुपारी साडेतीनला वेगवेगळ्या शाळांच्या फाटकांतून पाच मुलं उचलायची, तासाभरावरच्या एका क्लबच्या अकॅडमीत सोडायची आणि सराव संपला की एकेकाला घरी पोचवायचं. आठवड्यातून चार दिवस.

मुलांसोबत गाडीत एक मोठं माणूस असावं असा इथं नियम आहे. आमच्या गाडीत ते काम मॉरीन करायची. साठीची बाई, गुडघे दुखायचे, आवाज मात्र खणखणीत. मला 'लव्ह' म्हणायची. पहिल्या दिवशी मी दचकलो. घरी सुरेखाला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "वॉर्डात मला सगळे म्हातारे तेच म्हणतात. इथं भाजीवालाही म्हणतो."

मुलं अकरा-बारा वर्षांची. सुरुवातीला मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. क्लबचा छापलेला ट्रॅकसूट, पाठीवर नावाची अक्षरं, डब्यात गार पास्ता. आमच्या वेळी शाळेच्या मैदानात खडे वेचून कबड्डीची रेघ मारायची आणि मास्तर शिट्टी शोधेपर्यंत खेळ संपलेला असायचा. इथं प्रत्येक मुलामागे कागद होते. किती पळाला, किती उंच झाला, किती वेळा चेंडू घालवला, सगळं लिहिलेलं. मला वाटायचं, एवढं लक्ष कुणी आपल्याकडे दिलं असतं तर!

मग हळूहळू दिसायला लागलं. सराव संपेपर्यंत मी कुंपणाशी उभा असायचो. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, पण माणसं बघायची सवय होती. चेंडू पायाशी आला की मुलं आधी बाजूला उभ्या कोचकडे बघायची. 'पास', 'मागे', 'सोड', 'आता', सगळं बाहेरून ओरडून सांगितलं जायचं. शनिवारच्या सामन्याला त्यात पालकांचे आवाज मिसळायचे. जे मूल उंच आणि दांडगं, ते पुढे. गाडीत खेळाविषयी कुणी बोलायचं नाही. बोलणं असायचं ते कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार याचं. दरवर्षी उन्हाळ्याआधी तो निकाल लागायचा.

आमच्या गाडीत सगळ्यात बारका होता रायन. त्याचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला. इथं शाळेचं वर्ष एक सप्टेंबरला सुरू होतं आणि फुटबॉलचे गटही त्याच तारखेनं पडतात. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं मूल त्याच्याहून जवळजवळ एक वर्षानं मोठं, आणि दोघं एकाच गटात. रायन आठवडाभर उशिरा जन्मला असता, तर त्याच्या गटात तोच सगळ्यात मोठा ठरला असता. हे मला मॉरीननं समजावलं. मी म्हटलं, "मग हे कोचला कळत नाही?" ती म्हणाली, "कळतं, लव्ह. पण शनिवारी जिंकायचंही असतं."

कोच डॅनी वाईट मुलगा नव्हता. सव्वीस वर्षांचा, सकाळी एका शाळेत काम करायचा आणि संध्याकाळी इथं. एकदा कुंपणाशी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "तुमच्या गाडीतला तो छोटा आहे ना," तो म्हणाला, "इतरांना दिसायच्या आधी त्याला मोकळी जागा दिसते. हे शिकवता येत नाही." मी विचारलं, "मग त्याला खेळवत का नाही?" डॅनीनं गळ्यातली शिट्टी हातात घेतली. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं," असं म्हणाला आणि शिट्टी वाजवत आत गेला.

निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाला पालकांसोबत आत बोलावलं होतं. बाकीच्यांचे आई-वडील आपापल्या गाड्यांनी आले, निकाल ऐकून कामावर परत गेले आणि मुलं नेहमीसारखी माझ्याकडे आली. चौघांना ठेवलं होतं. रायनची आई जोआन एका वृद्धाश्रमात काम करायची. तिच्याकडे गाडी नव्हती, दोन बस बदलून ती पोचली होती. दहा मिनिटांत दोघं बाहेर आले. रायनच्या हातात एक पाकीट होतं. जोआननं विचारलं, "आम्ही दोघं तुमच्याच गाडीतून आलो तर चालेल का?"

तो तासाभराचा रस्ता मी विसरणार नाही. मागे चार मुलं, आनंद दाबून बसलेली. त्यांचाही काही दोष नव्हता. मधल्या सीटवर जोआन आणि रायन. रायन रडत नव्हता. ट्रॅकसूटच्या चेनशी चाळा करत होता, वर-खाली, वर-खाली. मला माझी सगळी इंग्रजी त्या वेळी सोडून गेली. मी फक्त गाडी चालवत राहिलो, वळणांवर जरा जास्तच सावकाश.

मॉरीन उठली आणि गुडघे सांभाळत जोआनच्या शेजारी येऊन बसली. हळू बोलत होती, पण मला ऐकू येत होतं. "माझा केविन सोळाचा होता तेव्हा त्याला सोडलं," ती म्हणाली. "नऊ वर्षांचा असल्यापासून तिथं होता. घरी आला, बूट कचऱ्यात टाकले आणि खोलीत गेला. आम्हाला वाटलं, आपोआप ठीक होईल. कुणी त्याच्याशी बोललं नाही, क्लबमधून एक फोन नाही, आणि आम्हीही नाही. आता तो अडतीसचा आहे, स्वयंपाकघरं बसवतो, दोन मुली आहेत. बरा आहे. पण टीव्हीवर मॅच लागली की अजून खोलीबाहेर जातो. तू याच्याशी बोलत राहा."

जोआननं मान हलवली. रायन तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, "मी वाईट खेळलो नव्हतो." मॉरीन म्हणाली, "नाही, पोरा. नव्हतास."

घरी आल्यावर मी सुरेखाला सगळं सांगितलं. आमच्या घरामागच्या बागेत दर रविवारी मृणाल आणि आसपासची मुलं खेळायची. त्यात सुरेखाच्या वॉर्डातल्या मल्याळी नर्सची दोन, पोलिश भावंडांची एक जोडी, एक सोमाली मुलगी. जमेल तसं खेळायची. मला वाटलं, रायनला तिथं बोलवावं. पण ड्रायव्हरनं गाडीतल्या मुलांशी बाहेर संबंध ठेवायचा नाही असा नियम आहे, आणि तो नियम योग्यच आहे. सुरेखा म्हणाली, "चोरून काही करू नकोस. ऑफिसात जाऊन विचार. नाही म्हणाले तर नाही."

ऑफिसात नाहीच म्हणाले. हे काम माझ्याकडे आहे तोवर चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. अकॅडमीची फेरी कंपनीत सगळ्यांना हवी असायची. नवी गाडी, चांगला रस्ता, क्लबचं नाव. मी दोन दिवस विचार केला आणि दुसरी फेरी मागून घेतली, म्हाताऱ्यांना सकाळी डे सेंटरला, म्हणजे दिवसभराच्या विरंगुळा केंद्रात, नेण्याची. साहेबानं दोनदा विचारलं, "नक्की?" मी नक्की म्हणालो. फेरी बदलल्यावर पुन्हा परवानगी विचारली. ती मिळाली, तेव्हा मॉरीनकडून जोआनला निरोप धाडला.

पहिले तीन रविवार रायन आला नाही. चौथ्या रविवारी आईसोबत आला, साध्या बुटांत, हात खिशात घालून झाडाखाली उभा राहिला. मी सतरंजीवरच बसून राहिलो. मृणालनं मात्र त्याला सरळ सांगितलं, "आमच्याकडे गोलकीपर नाही. हे दोघं चेंडू आला की डोळे मिटतात." तो गोलात उभा राहिला. अर्ध्या तासानं गोल सोडून पुढे गेला, आणि डॅनी म्हणत होता ते मला तेव्हा समजलं. तो चेंडू जिथं द्यायचा, तिथं कुणीच नसायचं, आणि मग ती सोमाली मुलगी बरोबर तिथं पोचलेली असायची.

आमच्या बागेत एकच नियम होता. मोठ्यांनी लांब सतरंजीवर बसायचं, चहा प्यायचा, ओरडायचं नाही. नियम माझा आणि पहिल्याच महिन्यात मोडला तोही मीच. मृणाल गोलासमोर एकटी होती आणि मी मराठीत ओरडलो, "मार ना!" तिनं चेंडू थांबवला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि शांतपणे मॅच सोडून पाणी प्यायला गेली.

रायन आता सोळाचा आहे. गेल्या दोन वर्षांत एवढा उंच झाला, की मी मान वर करून बोलतो. एका क्लबनं त्याला चाचणीसाठी बोलावलंही. तो गेला, दोन दिवस खेळला, आणि आईला म्हणाला, "परत तेच कागद. नको." आता इलेक्ट्रिशियनचं काम शिकतो आणि शनिवारी गावातल्या टीमकडून खेळतो. बघायला तीस-चाळीस माणसं असतात, त्यात आमच्या घरची तीन. मॉरीन निवृत्त झाली, फोल्डिंगची खुर्ची घेऊन तीही येते. रायन गेल्या महिन्यात हरलेल्या मॅचनंतरही हसत बाहेर आला. केविन मात्र कधी आला नाही. मॉरीन दर वेळी विचारते, तो दर वेळी 'बघू' म्हणतो.

प्रशांत, गेल्या डिसेंबरात नाशिकला आलो तेव्हा तू मला ओमचा सराव बघायला नेलंस. गंगापूर रोडचं ते जाळीचं मैदान, प्लास्टिकचं हिरवं गवत. ओम नऊ वर्षांचा. मुलं रांगेत उभी होती आणि पाच मिनिटांनी एकेकाच्या वाट्याला चेंडू येत होता. कोच ओरडत होता, आणि जाळीला नाक लावून तूही. "ओम, शूट! शूट कर रे!" मला वाटलं, मी तिकडच्याच कुंपणाशी उभा आहे. ओमनं चेंडूकडे पाहिलंच नाही. तुझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी बोललो नाही, कारण तू किती प्रेमानं ओरडत होतास ते दिसत होतं. दिवसभर अंबडच्या कंपनीत उभं राहून तू त्याला तिथं नेतोस. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच देतो. इंग्लंडला पाठवायचं की नाही, हे आज ठरवायची गरज नाही. तू त्याला एवढंच विचार, आज मजा आली का? आणि तो सांगेल ते पूर्ण ऐक.

सटाण्याला गेलो की माझी झोप अजून पहिल्या एसटीच्या आवाजानं मोडते, नाना ओट्यावर बसलेले असतात, आणि मी इतकी वर्षं बाहेर होतो हे दोन तासांत विसरतो. तिथं मला कधी काही सिद्ध करावं लागलं नाही. इथं मात्र पहिली दोन-तीन वर्षं रोज वाटायचं, की आपलीही एक यादी कुठंतरी आहे आणि कुणीतरी तिच्यावर खुणा करतंय. ते कधी थांबलं, मला नेमकं सांगता येणार नाही.

गेल्या रविवारी बागेत केरळहून नवीन आलेली एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी तिच्या ओढणीला धरून रडत होती. रायन गवतावर मांडी घालून बसला आणि हातानंच चेंडू तिच्याकडे घरंगळवत राहिला. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग तिनं पायानं तो परत ढकलला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी 'शाब्बास' म्हणालं नाही, आणि तिनं दुसऱ्यांदा ढकलला.

तिची आई माझ्याजवळ उभी होती. हिंदी आणि इंग्रजी मिसळून तिनं विचारलं, "इथं कधी घरासारखं वाटतं का हो?"

मी सतरंजीवर थोडा सरकलो आणि सुरेखानं तिच्यासाठी चहा ओतला.