न्हाणीची एकच कडी

मैत्रिणींनो, आज मी माझ्याच नव्या न्हाणीत कोंडले गेले.

न्हाणीचा खर्च पेन्शनीत बसवायचा म्हणून दाराला एकच कडी घेतली. मिस्त्रीने ती मला न विचारता बाहेरून ठोकली. मी आत अंग पुसत असताना त्यानेच ती लावली आणि विहिरीवर निघून गेला. ओल्या केसांनी मी कितीतरी वेळ दार बडवत होते.

परतल्यावर म्हणतो, "दारावर लुगडं नव्हतं, मास्तरीणबाई. मले वाटलं, न्हाणी रिकामी हाये. शेळ्या घुसतेत ना."

"आतून कडी काहून नाही?"

"बाया लुगडं टाकतेत दारावर. कडी कायले पाह्यजे?"

"न्हाणी माझ्यासाठी बांधली की शेळ्यांसाठी?"

तिथेच उभी राहून कडी उपटायला लावली, आतून बसवून घेतली. शेळ्या मी हाकलीन.

तुमच्या न्हाणीची कडी कोणत्या बाजूला आहे? आजच बघा.