चौथ्या मजल्याची सावली

शिवमूर्तीभाऊंची चार मजली इमारत रविवारी दुपारी सालेहाआपांच्या गच्चीवर कोसळली. पाया खोदायचा अजून बाकी होता.

झालं असं, की लातुरात क्लासच्या पोरांना खोल्या पुरेनात. म्हणून नव्या नियमांचा मसुदा निघाला: अरुंद गल्लीतही चार मजले चढवता येतील, कुणाची हरकत असेल तर त्यानं सुनावणीत सांगावी. जळकोटहून येऊन इथं एकमजली घर बांधलेले शिवमूर्तीभाऊ तेव्हापासून जमिनीवर नव्हतेच. गल्लीतले बाप्ये त्यांच्या बाजूनं. प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःचे चार मजले केव्हाच चढले होते. हरकत घेतली ती फक्त शेजारच्या सालेहाआपांनी.

ईद असो की जावयाचा पाहुणचार, गल्लीत शेवया आपांच्याच. उन्हाळा लागला की बाया रवा घेऊन त्यांच्याकडं जात. आपा मशीन फिरवत आणि शेवया काठ्यांवर टाकून गच्चीभर वाळवत. राखणीला स्वतः बसत आणि कावळ्यांना नावं घेऊन हाकलत. नावं बहुतेक गल्लीतल्या माणसांचीच असत. शिवमूर्ती नावाचा कावळा त्यातल्या त्यात खादाड होता.

"आपा, शहर वाढायलंय," भाऊ कठड्यावरून समजावत. "माणसानं जावं कुठं?"

"खाली जा की. खोदत जा. मी कवा न्हाई म्हणले?"

"जमिनीखाली पोरं अभ्यास कसा करतील?"

"मग सावलीत शेवया कशा वाळतील?"

"सावली पडणारच न्हाई!" भाऊ बोलून गेले. आता बोललेलं सिद्ध करणं आलं. त्यांनी मंडपवाल्या रियाजला बोलावलं, आपल्या गच्चीवर चौथ्या मजल्याच्या उंचीपर्यंत बांबू बांधून घेतले आणि त्यांवर लग्नातली लाल-पिवळी कनात ताणली. वेळ मात्र विचार करून निवडली, भर बाराची. सगळी गल्ली जमली. सावली गुपचूप भाऊंच्याच पायाशी बसली होती.

"बघा! माझी सावली माझ्याच घरात."

"भाऊ, बाराला तर मिनाराची सावली बी पायाशीच ऱ्हाती," आपा म्हणाल्या. "शेवया काय बारालाच वाळत्यात व्हय? थांबा दुपार कलेपर्यंत."

गल्ली थांबली. रियाजला पुढं मुरुडला लग्नाचा मंडप टाकायचा होता, तो कुरकुरला, पण थांबला. सावली भाऊंच्या पायाशी कंटाळली, हळूहळू उठली, कठडा ओलांडून आपांच्या शेवयांवर ऐसपैस पसरली.

तिथं भाऊंनी हार मानली असती, तर पुढचं टळलं असतं. पण ते म्हणाले, "दोर ढिला पडलाय रियाज, म्हणून सावली वाकडी पडायलीय."

"भाऊ, दोराला हात लावू नका!" रियाज ओरडला.

तोवर भाऊंनी दोर ओढला होता. गाठ सुटली आणि सावलीच्या मागोमाग इमारतही शेजारी गेली. कुणाला लागलं नाही, पण कनात, काठ्या आणि शेवया यांचा एकच काला झाला.

"अवो, त्यात आपल्या शेवया होत्या!" भाऊंच्या बायकोनं, उज्वलाताईंनी, खालूनच कपाळावर हात मारला. "आता सुनावणीला मीबी येते. आपांकडून बोलायला."

संध्याकाळी भाऊ तोंड पाडून आपांच्या गच्चीवर गेले. आपा कनातीला चिकटलेले शेवयांचे तुकडे वेचत होत्या. भाऊही मांडी घालून वेचायला बसले.

वेचता वेचता आपा म्हणाल्या, "भाऊ, पोरांना खोल्या पायजेत, हे कळतंय मला. पण ह्या उनावर माझं घर चालतं. तेवढं ऊन सोडा."

भाऊंचा चेहरा एकदम उजळला. एवढी सोपी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही!

"आपा, ऊन मीच देतो की तुम्हाला! चौथ्या मजल्यावरची अख्खी गच्ची तुमची. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत ऊन. शेवया घाला, कुरडया घाला, पापड घाला, कोण तुम्हाला अडवतंय? आता तर हरकत न्हाई ना?"

आपांनी चौथा मजला जिथं येणार होता त्या आभाळाकडं मान वर करून पाहिलं. मग भाऊंकडं पाहिलं.

"अन् गुडघे कुणाचे देता?"