आमच्या साडूंची इपॉक्सीची जमीन

उभ्या इंदुरात जमिनीवरून माणसाची परीक्षा करणारा एकच गृहस्थ असेल, आणि तो माझा साडू आहे. मी कचेरीबाहेर टेबल मांडून गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. त्यामुळे नाना तऱ्हेच्या माणसांशी माझा नित्य संबंध येतो आणि माणूस बसताक्षणी त्याचे प्रकरण काय असेल हे मी ओळखतो. परंतु साडूंचे प्रकरण मला आजतागायत कोणत्याही सदरात घालता आलेले नाही. आपण त्यांच्या घरी गेलो की ते आपल्या तोंडाकडे पाहत नाहीत. प्रथम पायांकडे पाहतात, मग चपलांकडे, आणि मग हातातल्या पिशवीकडे, कारण पिशवीत लिंबू असू शकते. लिंबाच्या रसाने जमिनीवरच्या इपॉक्सीची, म्हणजे राळेच्या लेपाची, चमक जाते, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवले आहे की त्यांच्याकडे पोहे खाताना मी लिंबू मागणे सोडून दिले आहे. इंदुरात राहून लिंबाविना पोहे खाण्याचा त्याग किती मोठा, हे मी येथे विस्ताराने सांगत नाही.

त्यांचे घर परदेशीपुऱ्यात. तळमजल्यावर पूर्वी त्यांचे लेथ मशीन होते. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मशीन विकले, आणि त्या जागेचा हॉल करून जमिनीवर फिक्या राखाडी रंगाचे इपॉक्सी कोटिंग स्वतःच्या हाताने केले. त्या जमिनीवर खुर्च्या सरकवायच्या नसतात, उचलायच्या असतात. प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक पायाला नमद्याचा मऊ लोकरी तुकडा चिकटवलेला आहे. जमीन पुसायची ती साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ पोछ्याने; फिनाइल, अ‍ॅसिड, तारेची घासणी यांना त्या घरात प्रवेश नाही. पाहुण्यांसाठी दाराशी सूचना असावी म्हणून त्यांनी मसुदा माझ्याकडून करून घेतला. ‘सदर जमिनीवर पादत्राणांसह प्रवेश करणाऱ्या इसमास चहा दिला जाणार नाही’ हे वाक्य माझे आहे, आणि ते अजून तेथे लटकते आहे. एकदा माझ्याच हातून कप कलंडला. मी ओशाळून काही बोलणार, तोच साडू रुमाल घेऊन गुडघ्यांवर खाली बसलेले. पुसता पुसता आपल्या इंदुरी बोलीत म्हणाले, “टेन्शन नका घेऊ भिया. चहा दुसरा बनेल. तुम्ही फक्त पाय वर घ्या.”

बाहेरही त्यांचा हाच शिरस्ता. एका नातलगाला दवाखान्यात ठेवले होते. आम्ही दोघे भेटायला गेलो. परतताना मी विचारले, “काय वाटतं तुम्हाला?” ते गंभीरपणे म्हणाले, “गडबड आहे. खालचं काँक्रीट गीलं असतानाच कोटिंग मारली यांनी. पूर्ण कॉरिडॉरला फोड आलेत.” नातलग पुढे बरा झाला. त्या कॉरिडॉरची चौकशी ते अद्याप करतात.

हे वेड त्यांना लागले ते मात्र उगीच नव्हे. त्यांच्या घराण्याच्या महालक्ष्म्या बडा गणपतीजवळ मोठ्या भावाच्या घरी बसत. गुडघ्यांपायी त्यांच्या वहिनींना उभे राहणे होईना, तेव्हा मुखवटे साडूंकडे यावेत असे ठरले. माझ्या मेहुणीला, म्हणजे ताईंना, याचा केवढा हर्ष! पण वहिनी हॉल पाहायला आल्या आणि दारातच थबकल्या. लेथच्या तेलाने काळी झालेली ती जमीन पाहून म्हणाल्या, “इथं? कारखान्यात? देवीला ऑइलमध्ये बसवणार का गं तू? असंच असेल तर मुखवटे मी देवळात देऊन टाकते बाई.” ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. साडू तेवढा वेळ जमिनीकडे पाहत उभे होते. माझ्या मते त्यांची ती नजर तेव्हापासून खालीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कामाला आरंभ झाला. तेल पिऊन बसलेल्या काँक्रीटवर इपॉक्सी धरत नाही, म्हणून आधी सोड्याने धुलाई, मग भाड्याच्या मशीनने घासाई. त्यानंतर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी जमिनीला चिकटवून ते रोज सकाळी त्याखाली थेंब जमले का ते पाहत. थेंब जमत, कारण दिवस पावसाळ्याचे आणि काँक्रीटमध्ये ओल. ताई म्हणत, “अहो, देवी यायची थांबणार आहे का तुमच्यासाठी?” साडू म्हणत, “देवी समजून घेईल. काँक्रीट नाही घेणार.” अखेर कागद कोरडा निघाला. प्रायमर झाला, आणि सणाच्या तोंडावर राळ आणि ती कडक करणारे हार्डनर कालवून शेवटचा थर पडला. ओल्या थरावर खिळ्यांचे जोडे घालून, हातात काटेरी रोलर घेऊन हवेचे बुडबुडे फोडत ते बगळ्यासारखे फिरत होते. ताई खिडकीतून आरतीच्या वेळी जोडतात तसे हात जोडून पाहत होत्या.

आवाहनाच्या दिवशी साडूंनी खिडकीजवळ बोट टेकवून पाहिले. जमीन टणक. “अनवाणी चालेल,” असा निर्वाळा देऊन ते फुले आणायला गेले. खिडकीजवळ ऊन होते. दाराशी पावसाळी हवा होती आणि तेथला थर अजून कच्चा होता. बोट त्यांनी तेथे टेकवले नाही. एवढ्या सावध माणसाची एवढीच चूक. ताईंनी रीतीप्रमाणे तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवून दारापासून आत देवीची पावले उमटवली, वर कुंकू घातले, आणि मुखवटा छातीशी धरून त्याच पावलांवर पाय देत त्या आत आल्या. वहिनी खुर्चीवर बसून सर्व पाहत होत्या. जमिनीत समयांचे प्रतिबिंब पडले होते. वहिनी एवढेच म्हणाल्या, “चांगलं केलंय.”

निरोपानंतर पावले पुसून टाकायची त्या घराण्याची पद्धत. ताईंनी ओले फडके फिरवले. पावले गेली नाहीत. पुन्हा फिरवले. कच्च्या इपॉक्सीला पाणी लागले की पांढरा डाग कायमचा बसतो, आणि कुंकू तर आतच मुरले होते. ताईंचे हात थांबले. वहिनींसमोर हे व्हावे! साडू खाली वाकले, नखाने खरवडून पाहिले आणि उठले. “मशीन आणतो. दारापर्यंत घासून नवी कोटिंग मारतो. काही नाही दिसणार.”

“खबरदार!” वहिनी म्हणाल्या. “देवी जायला तयार नाही, आणि तू तिच्या पावलांवर मशीन फिरवणार? राहू दे.” मग ताईंकडे वळून म्हणाल्या, “मुखवटे इथंच राहतील गं. पुढच्या वर्षी मी आधीपासून येईन. मला फक्त ती खुर्ची द्या.”

साडूंनी त्या पावलांवर एक पारदर्शक थर दिला. तेव्हापासून ती तेथे आहेत, दारातून आत जाणारी.

सध्या ताई लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला आहेत. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा साडू जमीन पुसत होते. सगळा हॉल पोछ्याने पुसला, पण पावलांपाशी येताच पोछा बाजूला ठेवून ते खाली बसले आणि मऊ फडक्याने एकेक पाऊल हाताने पुसू लागले. मी विचारले, “ताई केव्हा येणार?”

“बोलत होती, महिनाभर अजून. आता बोलते, बाळ जरा मोठं होऊ दे.” फडके पिळून ते म्हणाले, “येईल भिया. पावलं तर आतच येतायत.”

मग त्यांनी चहा केला. साखर घालायला विसरलेले मला दिसले. कप माझ्या हाती देताना थोडा चहा बशीबाहेर गेला आणि जमिनीवर पडला. साडूंचे तिकडे लक्ष नव्हते. ते दाराकडे पाहत होते. मी रुमाल काढला आणि खाली बसलो.