शेऱ्याच्या रकान्यातली 'गेली'

नांदेडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रकल्प सांभाळते. प्रोग्रॅम लिहिता येत नाही, याद्या लिहिता येतात. काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि झालं हे कोण म्हणालं, असे माझ्या वहीत चार रकाने असतात. चौथा रकाना मी अनुभवाने वाढवला. आपल्याकडे 'झालंच समजा' याचा अर्थ 'अजून सुरू केलेलं नाही' असा होतो.

लातूरचा तो दवाखाना बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा. तिथल्या वयाने मोठ्या सिस्टर बाळांच्या डोसच्या तारखा एका जाड वहीत ठेवायच्या आणि डोस जवळ आला की आईला स्वतः फोन करायच्या. डॉक्टरांना ती वही कॉम्प्युटरवर हवी होती, म्हणजे आठवणीचा मेसेज आपोआप गेला असता. काम सोपं होतं. मी वहीत मुदत तीन महिने लिहिली आणि तीन महिन्यांत केलंही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

सुरुवातीला वहीतल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारून घ्यायचा असतो. मी डॉक्टरांना विचारला. शेवटच्या रकान्यावर 'शेरा' असं लिहिलेलं होतं.

"यात सिस्टर काय लिहितात?"

"काही नाही हो, आल्या-गेल्याचं."

मी यादीत बरोबरची खूण केली. सिस्टर पलीकडच्या खोलीत एका बाळाचं वजन करत होत्या. त्यांना विचारायला दहा पावलं लागली असती.

नांदेडला नोंदी भरायला बसलेल्या मुलीने आठवडाभरात वही संपवली. काही आयांच्या नावापुढे लाल शाईने 'गेली' लिहिलेलं होतं. आईच्या स्थितीसाठी मी तीन पर्याय ठरवून दिले होते : चालू, पत्ता बदलला, मयत. दवाखान्याच्या वहीत, लाल शाईने, 'गेली'. तिने मयत निवडलं. मला विचारलं नाही, कारण असलं काही विचारायला बरं वाटत नाही. मयत आईच्या फोनवर मेसेज जाऊ नये, ही सूचना माझीच होती. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून.

चाचणी दीड महिन्याच्या बाळांच्या नोंदींवर घेतली. सगळे मेसेज पोचले. मी अहवालात 'चाचणी यशस्वी' लिहिलं आणि जुनी वही कपाटात ठेवायला सांगितली.

"वही राहू द्या की हाताशी," सिस्टर म्हणाल्या.

"दोन ठिकाणी नोंद ठेवली की दोन्ही चुकतात, सिस्टर."

"हाव," त्या म्हणाल्या. आमच्याकडे 'हाव' म्हणजे ऐकलं. पटलं असं नव्हे.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, गोवरच्या डोसला लई कमी लेकरं येऊन राहिलीत. पहिलटकरणींची तर जवळजवळ न्हाईतच."

गोवरचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत. उशीर झालेली लेकरं कुठे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण सिस्टरचं आयांना फोन करणं मीच बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूर गाठलं. मेसेज न गेलेल्यांची यादी छापून नेली होती. एकोणीस नावं. सिस्टरनी चष्मा लावून पहिलं नाव वाचलं.

"या बाईला कुणी मारलं?"

"म्हणजे?"

"पुढं मयत लिहिलंय. दिवाळीला लेकरू घेऊन आलती माझ्याकडं. हीबी जिवंत हाय. हीबी. अवो, सगळ्या जिवंत हायत की."

"वहीत तुम्ही 'गेली' लिहिलंय."

"मग, गेलीच. सासरी गेली. पहिलं बाळंतपण म्हायेरी असतंय, तीन-चार महिन्यांनी पोरगी नांदायला जाती. गेली की मी सासरचा नंबर लावते. वारली असती तर वारली लिहिलं असतं."

मी माहेरी बाळंत होऊन चौथ्या महिन्यात सासरी गेलेली बाई आहे. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दीड महिन्याची बाळं माहेरीच असतात, त्यामुळे चाचणीत कोणी 'गेली' नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

वही कपाटातून काढली. सासरचे नंबर मागच्या पानांवर होते, ती पानं आम्ही भरायला घेतलीच नव्हती. मी नंबर लावायचे, सिस्टर बोलायच्या. एका सासूबाईंनी त्यांनाच झापलं : "तुमचा फोन येईल म्हून आम्ही वाट पाहून राहिलो. आता आठवण झाली व्हय?" सिस्टरनी माझ्याकडे बघत सांगितलं, "चूक झाली, मावशी. नवीन माणसं आलीत कामावर."

सहा लेकरांना गावच्या आशाताईंनी उपकेंद्रात नेऊन डोस देववला होता. बारा जण त्या आठवड्यात आले. मुखेडकडची एक राहिली. सासरचा नंबर बंद. तिचं लेकरू अकरा महिने ओलांडून गेलेलं. सिस्टरनी तिच्या माहेरी भावाला गाठलं. तो म्हणाला, "मंगळवारी मी स्वतः घेऊन येतो."

मंगळवारी मीही गेले. ती आली, भाऊ बाहेर थांबला. मी कॉम्प्युटरवर तिचं नाव उघडून डोस नोंदवायला गेले, तर नोंद होईना. मयत खात्यावर डोस चढत नाही. बाकीच्या अठरा जणींची दुरुस्ती कंपनीत झाली होती. ही सापडेपर्यंत हिचं नाव तसंच ठेवलं होतं. मी नांदेडला प्रोग्रॅमरला फोन लावला.

"मॅडम, इथूनच करावं लागेल. एकदा मयत केलं की स्क्रीनवरून परत जिवंत करायची सोय नाही. चुकून कोणी बदलू नये म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"किती वेळ?"

"झालंच समजा."

सिस्टर सुई भरून उभ्या होत्या. "ही बाई जिवंत होईपर्यंत मी लेकराला थांबवू का?" असं माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि डोस दिला. लेकरू ओरडलं.

"काय अडचण हाय का?" आईने स्क्रीनकडे बघत विचारलं.

"काई न्हाई, बाई. तुझं नाव येऊन राहिलंय त्यात," सिस्टर म्हणाल्या. "अर्धा तास बस. ताप आला तर घाबरू नको."

नांदेडहून 'झालं' असा फोन आला तेव्हा लेकरू रडून झोपलं होतं.