करिअरवरचा तांब्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आलो. वकील माणूस, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. तरी हे लिहितोय... आणि पुराव्यासकटच लिहितोय.

आमची मोटार चिमुकली. सोलापुरातले मित्र तिला काडेपेटी म्हणत. सामान भरलं की एका माणसाची जागा जायची, म्हणून दर सहलीला आई घरी राहायची. करमाळ्याला कमलाभवानीपुढे मुलाचं जावळ काढायचं ठरलं, तेव्हा मी लोहाराकडून गाडीच्या मागे लोखंडी करिअर बसवून घेतलं. ट्रंक, वळकटी, धपाट्यांचा डबा, सगळं बाहेर. आई पहिल्यांदाच आत बसली. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

घरात आणखी एक माणूस होतं – माझी विधवा आत्या. सामान तिनंच बांधलं. पण निघताना ती समोर आली तर अपशकुन, म्हणून आमच्याकडे तिला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत. गाडी गेली की घरी राहिलेली आई कडी काढायची. त्या सकाळी कडी मी लावली. आतून आत्या म्हणाली, "फिरकीचा तांब्या करिअरला बांधलाय रे. उन्हाचे दिवस आहेत, बाळाला पाणी देत जा." बाहेरचं दार लोटून आम्ही सगळे निघालो.

वैरागला विहिरीपाशी थांबलो. तांब्या रिकामा. झाकण घट्ट, खाली अंथरलेलं पोतं कोरडं ठणठणीत. पाणी शेंदणाऱ्या म्हाताऱ्यानं तो भरून उलटा धरून पाहिला. "गळत न्हाय सायेब. कुनीतरी पिलंय की."

बार्शीत पुन्हा रिकामा. करमाळ्यात तर रोजच... सकाळी भरावा, दुपारी थेंब नाही. मी बायकोवर खेकसलो. चार दिवस जावळ, पुरणपोळ्या, पाहुणे. त्यात आत्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

परतताना वैरागला तोच म्हातारा. बायको म्हणाली, "अहो, तांब्या भरून घेऊ या."

"काही नको. सांडायलाच भरायचा का? दीड तासात घरी पोचतोय."

म्हातारा दोर धरून उभाच होता. "भरा की सायेब. कुनाला तरी लागतंय."

मी गाडी सुरू केली.

घरी मागच्या खोलीची कडी तशीच होती. आत्या दाराशी पडलेली. शेजारच्या डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला. "जाऊन तासभर झाला असेल," ते म्हणाले. "पण चैत्रात, चार दिवस कोंडलेली... हिला पाणी कोण देत होतं?"

खोलीत ना घागर, ना भांडं. फरशीवर मात्र पाण्याचे गोल डाग, एकावर एक, सगळे वाळलेले. मी करिअरवरचा तांब्या सोडून आणला आणि ठेवून पाहिला. बूड बरोब्बर बसलं.

"कडीचं बाहेर बोलू नकोस," आई म्हणाली. उन्हाचा झटका म्हणून आम्ही सांगितलं. करिअर अजून गाडीला आहे. आई आता दर सहलीला येते.

पाणी तिच्यापर्यंत कसं पोचत होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. शेवटच्या दिवशी का पोचलं नाही, ते ठाऊक आहे.