मेंढ्यांनी दाबलेला बांध

“मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या, मेंढ्या बांध फोडून राह्यल्या म्हून. मंग आम्ही बघतो यांच्याकडं,” उद्धवराव म्हणाले. त्यांच्या मागे दहाबारा गावकरी, काठ्यांसकट. समोर म्हाळूआप्पा मेंढपाळ आणि त्यांचा कळप.

मी जलसंधारणाची इंजिनिअर. वाटूरच्या पुढचा हा पाझर तलाव माझ्याकडे. मातीच्या बांधाने अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं, त्याला पाझर तलाव म्हणतात. उद्धवरावांची मोसंबी त्याच विहिरींवर जगते, आणि चार दिवसांपासून बांध गळू लागला होता. म्हाळूआप्पांचं चराऊ रान एका प्रकल्पात गेलं, तेव्हापासून ते इथल्या गायरानात राहत. गावाने आदल्या दिवशी तळ्याकडची वाट काट्यांनी बंद करून त्यांचं पाणी तोडलं होतं.

“अर्ध्या मेंढ्या गाभण हायेत, मॅडम. दुसऱ्या पाण्यापस्तोर जाईस्तोवर रस्त्यातच पडतील,” आप्पा म्हणाले.

फोनवर आमचे साहेब म्हणाले, “वाद वाढवू नका. रिपोर्ट द्या, मोकळ्या व्हा.”

“बघून देते,” मी म्हटलं. न बघता सही करायची मला ॲलर्जी आहे.

बांध पायाखाली घातला. मागच्या बाजूला ओल फुटली होती. तिच्या बरोबर समोर, बांधाच्या तळ्याकडच्या अंगाला, बाभळीच्या काट्यांचं नवं कुंपण.

“हे कोणी घातलं?”

“आम्हीच. आठ दिवस झाले. मेंढ्या बांधावर येऊ न्हाई म्हून,” उद्धवराव ऐटीत म्हणाले. “खांबांला चांगले कमरेइतके खड्डे घेतले.”

मी एक खांब उपटायला लावला. तळ्याचं पाणी त्या खड्ड्यात गोल फिरत गडप होत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! उद्धवरावांचा चेहरा पडला.

“मंग आता?”

पोत्यांची आड घालून पाणी थोपवायचं, खड्डे मोकळे करायचे आणि काळी माती थराथराने दाबून भरायची. या दाबण्याला आम्ही कॉम्पॅक्शन म्हणतो. ते कच्चं राहिलं तर बांध पुन्हा गळतो. त्या उतारावर रोलर उतरत नव्हता. पण माती दाबायला टोकदार लहान खूर उत्तम, आणि खूर तर समोरच उभे होते.

“आप्पा, मेंढ्या फिरवाल इथून?”

“आधी पाणी. तहानलेलं जनावर माह्यं बी ऐकत न्हाई. आन् गाभण्या न्हाई घालणार.”

सगळे उद्धवरावांकडे बघू लागले. ते कुंपणापाशी गेले. मग स्वतःच काटे ओढून त्यांनी वाट मोकळी केली. मेंढ्या पाण्याला लागल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग गावाने माती ओढली, कळपाने तुडवली. मी टाच मारून प्रत्येक थर तपासत होते. मागची ओल हळूहळू सुकली. रिपोर्टमध्ये गळतीचं कारण म्हणून कुंपणाचे खड्डे लिहिले. साहेब कुरकुरले, पण सही केली.

निघताना उद्धवराव म्हणाले, “आप्पा, ज्वारी निघाली की मेंढ्या आमच्या वावरात बसवा. लेंडीखत होईल.”

“बसवू की. पाण्याची वाट तेवढी बंद नका करू.”

“न्हाई करणार. बिलकुल न्हाई.”

त्या उन्हाळ्यात मोसंबीही तगली आणि कोकरंही. बांधावर खड्डा घ्यायचा तर आधी इंजिनिअरला विचारावं. कोणाचं पाणी तोडायचं असेल तर विचारायलाही येऊ नये.