चौसष्ट नंबरच्या दोन विहिरी

पापडी गावात फर्डिनंडची विहीर आणि बेटीमावशीची विहीर यांच्यामध्ये कमरेएवढी एक भिंत होती. दोन हजार दोनच्या मे महिन्यापासून तिथे एक प्रश्नही येऊन बसला होता.

त्या उन्हाळ्यात गावाने तीनशे विहिरींचं पाणी तपासायला पाठवलं होतं. प्रत्येक विहिरीचा अर्ज भरायचा, त्यावर नंबर घालायचा आणि तोच नंबर बाटलीवर लिहायचा. नंबर घालायला दोघेजण बसले होते. एक जेवायला उठला, दुसऱ्याने त्याचा गठ्ठा पुढे चालवला, आणि चौसष्ट नंबर दोनदा पडला. अहवालात एक चौसष्ट गोड निघाला, एक मचूळ. त्यातला एक अर्ज फर्डिनंडचा होता, दुसरा बेटीमावशीचा.

जिभेला दोन्ही विहिरींचं पाणी सारखंच लागे. पण मचूळ पाण्यावर पानवेल तग धरत नाही. म्हणून मावशीने वर्षभर वेलीचा मांडव रिकामा ठेवला.

"तुझंच मचूळ असणार," ती भिंतीवरून म्हणे.

"कशावरून?"

"तुझा चहाच सांगतो."

प्रयोगशाळा नमुने घेई ते वर्षातून एकदाच, मे महिन्यात. या खेपेला नंबर हाताने घालायचे नाहीत, छापूनच आणायचे, असं फर्डिनंडने गावच्या बैठकीत सांगितलं आणि काम स्वतःच्या अंगावर घेतलं. तो बी.कॉम., अंधेरीच्या कंपनीत पत्रव्यवहार सांभाळणारा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. कपाटातल्या फायलींनाही त्याने क्रमांक दिलेले होते.

केनीच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर होता. केनीने अर्ज टाइप केला, कोपऱ्यात १ घातला, छापला. एक पुसून २ घातला, छापला. तेरावर फोन आला. बोलता बोलता त्याने पुन्हा तेराच छापला.

"थांब," फर्डिनंड म्हणाला. "हे तर गेल्या वर्षीसारखंच झालं. याला स्वतःला मोजता येत नाही का?"

"अंकल, हा टाइप करतो. मोजणं याचं काम नाही."

फर्डिनंडला ते पटेना. ऑफिसात एकच पत्र चारशे डीलरांना जाई आणि प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव येई. नावांची यादी वेगळी असे, पत्र वेगळं. त्याला मेल मर्ज म्हणत. मग यादीत नावांच्या जागी नुसते आकडे ठेवले तर?

केनीने डोकं खाजवलं. "करून बघू."

त्यांनी एक ते तीनशे आकड्यांची यादी केली आणि अर्जाच्या कोपऱ्यात तिची जागा नेमून दिली. कागद वाचवायचा म्हणून एका पानावर दोन अर्ज, वर आणि खाली. आकडे ओळीने येऊ लागले तसा फर्डिनंड प्रिंटरशेजारी स्टूल ओढून बसला आणि पान न् पान निरखत राहिला. दीडशे पानं झाली. केनीने गठ्ठा कटरखाली धरून मधोमध कापला.

वरच्या गठ्ठ्यात एक, तीन, पाच. खालच्यात दोन, चार, सहा.

"त्यात काय," केनी म्हणाला, "पत्त्यांसारखे एकात एक घालू."

"हाताने? तीनशे? चौसष्ट तसाच झाला होता, बाबा."

फर्डिनंडने दोन कोरे कागद घेतले, दुमडले, पेन्सिलीने आकडे घातले, फाडले, पुन्हा घातले. केनीची दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आलं की आपण आकडे वाचण्याच्या क्रमाने घालतोय. कटर तर एका गठ्ठ्याचे दोन करतो. मग घालायचे ते कापण्याच्या क्रमाने.

"यादीला दोन रकाने कर. पहिल्यात एक ते दीडशे, दुसऱ्यात एकशेएक्कावन्न ते तीनशे. पानावर वर पहिला रकाना, खाली दुसरा."

पहिल्या पानावर एक आणि एकशेएक्कावन्न आले. शेवटपर्यंत छापून कापलं, खालचा गठ्ठा वरच्याच्या पाठीशी लावला. एक ते तीनशे, ओळीने. केनीने दोनदा मोजून पाहिले.

"अंकल, एका पानावर तीन अर्ज असते तर?"

"तीन रकाने," फर्डिनंड म्हणाला. पण खात्री करायला त्याने आणखी एक कागद फाडलाच.

या खेपेला बेटीमावशीने मुद्दाम चौसष्ट नंबर मागून घेतला. फर्डिनंडला पासष्ट आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. तो वाचून फर्डिनंड भिंतीपाशी गेला. मावशी केळीची सुकलेली पानं कापत होती.

"चौसष्ट गोड."

"आणि पासष्ट?"

"मचूळ."

मावशीने कोयता खाली ठेवला. "म्हणजे वर्षभर तुझं मीठ माझ्या नावावर होतं."

फर्डिनंडला स्वतःचं पाणी बिघडल्याचं वाईट वाटलं, पण कळलं याचं बरंही वाटलं. त्याने अहवालाची प्रत फाइलला लावली.

त्या आठवड्यात मावशीने पानवेलीची बेणी आणली आणि भिंतीलगत लावली. लावून झाल्यावर विहिरीच्या पंपाचा पाइप भिंतीवरून पलीकडे टाकला.

"पिण्यापुरतं घे," ती म्हणाली. "आणि चहा करशील तेव्हा मला हाक मार. बघू तरी, फरक पडतो का."